रजईतल्या आत्याबाई

पातेलं अंथरुणात झोपवायचं, हा शोध मीटरवाल्याने लावला तेव्हा त्याच्या बायकोने हातातली सुई खाली ठेवली आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं. या माणसाशी वाद घालून काही उपयोग होत नाही, हे तिला लग्नानंतर लवकरच कळून चुकलं होतं.

मीटरवाला म्हणजे घरोघर फिरून विजेची मीटरं वाचणारा. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकायचं, आकडे टिपायचे आणि कोण किती उधळतो ते मनात साठवून घरी यायचं, हा त्याचा उद्योग. दुसऱ्यांची उधळपट्टी बघून बघून त्याला स्वतःच्या घरातला एक दिवासुद्धा डोळ्यांत खुपायचा. बायको ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या खोलीत बसून रफू करायची. कोटाला पडलेलं भोक, शालीला लागलेली कसर तिच्या हातून अशी बुजायची की मालकालाही जागा सापडू नये. दुकानात आणि शेजारीपाजारी सगळे तिला रफूवालीच म्हणत. घरातही तिचं तेच चालू होतं. दूध महागलं की भाजीतून ओढायचं, भाजी महागली की साबणातून. पण कापडच विरत चाललं तर रफू तरी कुठवर करणार, या विचाराने अलीकडे तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

त्यात गॅस पुन्हा महागला, आणि मीटरवाल्याला त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी ही युक्ती सांगितली. वाटाणे, डाळ, भात काय असेल ते एकदा खळखळून उकळू द्यायचं. झाकण घट्ट लावायचं, गॅस बंद करायचा, आणि पातेलं कागदात, टॉवेलात, रजईत गुंडाळून ठेवून द्यायचं. दोन-तीन तासांत आतल्या आत शिजतं. गॅसचं काम ऊब करते, आणि ऊब फुकट असते.

"त्यासाठी पेटी मिळते म्हणे," रफूवाली म्हणाली.

"पेटीला पैसे पडतात. खाट घरातच आहे."

खाट घरात होती हे खरं, पण ती त्यांची नव्हती. खाट, तिच्यावरची जाड गादी आणि दोन खोल्यांचं ते घर, सगळं वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण काकूंचं होतं. आधीच्या भाडेकरूंनी गादीवर जेवून मुंग्या करून ठेवल्या होत्या. त्यामुळे काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की बाकी काही खपवून घेईन, गादीवर अन्न दिसलं तर सामान बाहेर. या घराचं भाडं जुन्या काळातलं होतं. ते होतं तसं होतं म्हणूनच नवरा, बायको आणि लेक अशा तिघांचं कसंबसं भागत होतं. भाडं वाढलं असतं तर शहराच्या पार टोकाला जाऊन राहावं लागलं असतं. रफूवालीचं दुकान सुटलं असतं, आणि लेकीचं कॉलेज शेवटच्या वर्षात अडकलं असतं. म्हणून जिन्यावर काकूंची काठी वाजली की रफूवाली आधी गादी झटकून घ्यायची.

पहिले काही दिवस युक्ती छान चालली. संध्याकाळी पातेलं उशाशी, भिंतीच्या कडेला झोपायचं, आजूबाजूला उशा, वर रजई. मीटरवाला येता-जाता रजईखाली हात घालून बघायचा आणि तोंडभर हसायचा. लेक खाटेच्या कडेला बसून अभ्यास करायची. कुणी विचारलं तर मी डाळीला सोबत करते म्हणून सांगेन, म्हणायची.

आणि मग एका संध्याकाळी काठी वाजली. दार उघडंच होतं. काकू आत आल्या, खुर्चीवर टेकल्या, गुडघे चोळले, आणि बोलायला तोंड उघडणार तोच त्यांची नजर खाटेवर गेली. रजईखाली गोल, जड असं काहीतरी निजलं होतं. उशीच्या बाजूने वाफेची एक बारीक रेघ वर येत होती.

"कोण आजारी आहे?" काकूंनी विचारलं.

खरं सांगावं तर गादीवर अन्न, आणि तेही उकळतं. रफूवालीने नवऱ्याकडे बघितलं. सरकारी नोकरीत आयुष्य गेलं तरी या माणसाला धड खोटं बोलता यायचं नाही. पण त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे.

"आत्या," तो म्हणाला. "माझी आत्या. कालच आली."

काकूंनी हात लांब करून रजईवर तळवा टेकवला आणि झटकन मागे घेतला. अंग भाजतंय की, म्हणाल्या. मीटरवाला म्हणाला, ताप आहे. डोक्यावरून पांघरूण कशाला, असं काकूंनी विचारलं. तो म्हणाला, उजेड सहन होत नाही. एकदा सुरुवात झाल्यावर त्याला भराभर सुचत गेलं. आत्याला बोलायची शक्ती नाही, ऐकू कमी येतं, आणि अनोळखी माणसासमोर ती तोंड उघडत नाही. एवढे आजार एका आत्याला आणि तेही एका दमात, हे ऐकून रफूवालीला खाली बसावंसं वाटलं.

काकू बराच वेळ खाटेकडे बघत राहिल्या. मग काठीवर भार देऊन उठल्या.

"भाड्याचं बोलायला आले होते," त्या म्हणाल्या. "सगळंच वाढलंय, तुम्हाला काय सांगायचं. पण असू दे. आजारी माणसासमोर पैशाचं बोलू नये. उठून बसू देत आत्याबाई, मग बघू."

दार लागलं आणि मीटरवाला खाटेभोवती चक्क एक गिरकी घेऊन आला. आत्या जोवर उठत नाही तोवर भाडं वाढत नाही, आणि आत्या तर उठायचीच नाही. गॅस वाचला, भाडं वाचलं, एका पातेल्यात दोन कामं. रफूवाली म्हणाली, अहो, खोटं बोलून घर किती दिवस टिकेल? तो म्हणाला, खरं बोलून किती दिवस टिकलं असतं ते सांग. ती वाटाणे वाढायला उठली.

आता माणूस आजारी पडला की त्याला बघायला लोक येतात, ही साधी गोष्ट या मीटरवाल्याच्या डोक्यात आली नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. एरवी गुडघ्यांचं निमित्त सांगून महिन्यातून एकदा भाड्यापुरत्या खाली येणाऱ्या काकू आता दिवेलागणीला ठरल्याप्रमाणे उतरू लागल्या. खुर्ची खाटेजवळ ओढून घ्यायच्या आणि बसायच्या. मग खाटेवर माणूस दिसायला हवा. मीटरवाल्याने उशा एकापुढे एक लावून आत्याबाईंना लांबी दिली, पण उशा घसरायच्या आणि आत्याबाई मधूनच दोन तुकडे झाल्यासारख्या दिसायच्या.

रफूवालीला या खोटेपणाचा मनस्वी तिटकारा होता. तिने सांगून टाकलं होतं की यात माझा हात लागणार नाही. पण वाईट काम तिला डोळ्यांनी बघवायचं नाही, हाच तिचा घात. दोन दिवस ती त्या उशांकडे बघत दात-ओठ खात राहिली. मग तिने नवऱ्याचा जुना पायजमा काढला, दुकानातून चिंध्यांची पिशवी आणली, आणि आत्याबाईंना पाय शिवून दिले. गुडघ्यात किंचित वाकलेले, एकावर एक टाकलेले, थकल्या बाईचे असतात तसे. घोट्याची हाडंसुद्धा काढली. लेक म्हणाली, आई, हे पाय तुझ्या पायांपेक्षा चांगले झालेत. रफूवालीने सुई ठेवली आणि तिला रडू का येत नाही याचंच नवल वाटलं.

खर्चाला सुरुवात झाली ती चहापासून. काकू आल्या की चहा टाकायचा. काकूंनी आळीत बातमी पोचवली, त्यामुळे समोरचे निवृत्त मास्तर यायला लागले, पलीकडची शिवणवाली यायला लागली, तळघरातला छापखानेवालाही डोकावला. महागाई सगळ्यांनाच, त्यामुळे फळं कुणी आणायचं नाही. सगळे सल्ला आणायचे, तेवढाच काय तो परवडत होता. मास्तर म्हणत पंखा लावा, शिवणवाली म्हणे दिवा बारीक का होईना पण जळता ठेवा, रोगी माणसाला अंधारात ठेवू नये. पंखा फिरायला लागला, दिवा जळायला लागला आणि दूध रोजच्या दुप्पट यायला लागलं. वाचवलेल्या गॅसवर चहाची किटली अखंड चढलेली. आयुष्यभर लोकांची मीटरं फिरताना बघून हळहळणारा मीटरवाला आता स्वतःच्या मीटरपुढे उभा राहून त्याच्या चकतीकडे केविलवाणा बघत राहायचा.

"वरचं मीटर बघ," तो एकदा बायकोला म्हणाला. "हलतच नाही. म्हातारी वर दिवा लावते की नाही कोण जाणे."

"लावेल कशी? आपल्या दिव्याखाली बसलेली असते," रफूवाली म्हणाली. ती हे रागाने बोलली, विचार करून नव्हे.

सगळ्यात वाईट गोष्ट जेवणाची. काकू दिवेलागणीला यायच्या त्या हलायच्याच नाहीत. आत्याबाईंच्या रजईत रात्रीचं जेवण शिजून तयार, आणि खाटेजवळ काकू. जेवण काढायचं कसं? भूक अनावर झाली की मीटरवाला कोपऱ्यावरून पाव घेऊन यायचा. पाव आणला तर काकूंना नाही कसं म्हणायचं? मग काकूही दोन पाव चहात बुडवून खायच्या, तुमच्याकडे माणुसकी आहे म्हणायच्या आणि तृप्त होऊन वर जायच्या. त्यांचं दार लागलं की हे तिघे रजई उपसून आतला लगदा झालेला भात काढायचे. पोट पावाने भरलेलं, पण अन्न टाकायचं कसं, म्हणून तोही खायचे. एकाच संध्याकाळी दोन जेवणं करणारं आणि तरीही हलाखीत असलेलं ते आळीतलं एकच घर असावं.

एक दिवस काकू येताना थर्मामीटर घेऊन आल्या. रफूवाली पुढे व्हायच्या आत काकूंनी तो रजईच्या घडीत सरकवला, डोळे मिटून थोडा वेळ बसल्या, मग बाहेर काढून दिव्याकडे धरला. पारा चढायचा तितका चढून वर टेकला होता. अशा तापाचा माणूस केव्हाच गेला असता. मीटरवाला भिंतीला टेकला. लेक पुस्तकात तोंड खुपसून हादरत होती, हसत होती की घाबरली होती ते कळेना.

काकूंनी थर्मामीटर झटकला, पदराने पुसला, नळीत घातला.

"उतरेल," त्या म्हणाल्या. "अशा तापाला जरा वेळ लागतो. तासाभरात उतरेल."

मग उठून त्या खाटेच्या पलीकडे गेल्या आणि भिंतीकडच्या बाजूने रजई आत खोचून घट्ट केली. इथून वारा लागतोय, म्हणाल्या. त्या दिवशी वाटाणे कधी नव्हे ते लोण्यासारखे शिजले. मीटरवाल्याने त्याचं श्रेय स्वतःच्या उकळीला दिलं.

त्यानंतर काकूंनी सगळ्यांसमोर रफूवालीला समजावलं की घरात एवढं आजारी माणूस असताना बाईने संध्याकाळपर्यंत दुकानात बसणं बरं दिसत नाही. बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळच्या जादा कामाचे पैसे हाच तर रफूवालीच्या संसाराचा शेवटचा धागा होता, आणि तोही एका पातेल्याच्या सेवेसाठी तुटला. दुकानमालकाने विचारलं तेव्हा सासरची आत्या आजारी आहे असं तिने खाली मान घालून सांगितलं. तो भला माणूस, त्याने तब्येतीची चौकशी केली. ती म्हणाली, आहे तशीच आहे. हे मात्र ती खरं बोलली.

त्या आठवड्याच्या शेवटी तिने नवऱ्याला समोर बसवलं आणि हे संपवा म्हणाली. तोही आता टेकीला आला होता. त्याने सगळा विचार करून ठेवला होता, आणि प्रत्येक वाट बंद होती. आत्या बरी होऊन गेली म्हणावं, तर जाताना दिसायला हवी. आळीतली इतकी माणसं निरोप द्यायला उभी राहणार, आणि पायजम्याचे पाय कितीही चांगले शिवले तरी चालणार नाहीत. ती दवाखान्यात नेली म्हणावं, तर हे सगळे तिथे बघायला जाणार. उरली ती एकच वाट.

"ती नको," मीटरवाला म्हणाला. "मी हिशेब केला. मरण तर आजारापेक्षा महाग आहे."

"मग काय करायचं?"

"असंच राहू दे. निदान भाडं तरी वाढलं नाही."

रफूवालीने मनातल्या मनात चहा, दूध, साखर, पाव, पंखा, दिवा आणि स्वतःचं बुडलेलं काम एका बाजूला ठेवलं आणि काकूंनी जास्तीत जास्त जेवढं भाडं वाढवलं असतं ते दुसऱ्या बाजूला. मग ती आत जाऊन अंधारात बसली. दिवा बाहेर आत्याबाईंजवळ होता.

शेवटचा घाव पातेल्याने घातला. ते बिचारं जुनं. रोजच्या उकळीने आणि रोजच्या गुंडाळण्याने त्याच्या बुडाशी बारीक चीर गेली होती, ती कुणाच्या लक्षात आली नाही. त्या संध्याकाळी खोली भरलेली होती. मास्तर, शिवणवाली, छापखानेवाला आणि मधोमध काकू. चहा फिरत होता. मास्तर रोग्याच्या आहाराबद्दल सांगत होते. आणि खाटेखाली टप असा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा टप.

सगळ्यांनी खाली बघितलं. गादीतून झिरपून पिवळसर, कोमट पाण्याची धार फरशीवर येत होती आणि हळूहळू मास्तरांच्या चपलेकडे निघाली होती.

मास्तरांनी पाय उचलून घेतले आणि छताकडे बघायला लागले. छापखानेवाल्याला एकदम काम आठवलं. शिवणवालीने रफूवालीच्या पाठीवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, होतं असं म्हातारपणी, मनाला लावून घेऊ नको.

आणि रफूवालीला रडू फुटलं. खरंखुरं, हुंदके देऊन. तिला काकूंच्या गादीचं रडू आलं, वाहून गेलेल्या वाटाण्यांचं आलं, बुडालेल्या कामाचं आलं. कधी जन्मालाच न आलेल्या त्या बाईची चारचौघांत अशी शोभा झाली याचंही आलं. आपण इतकं ओढूनताणून, जपून, मन मारून जगतो आणि महिन्याच्या शेवटी हातात भोकच राहतं, याचं तर इतक्या दिवसांचं साचलेलं होतं. सगळ्यांना वाटलं आत्यावर किती जीव आहे हिचा. शिवणवालीनेही डोळे पुसले. काकूंनी मात्र काठीने चपला बाजूला सरकवल्या, सगळ्यांना उठवलं, आता त्यांना आराम करू द्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी पावाची वाट न बघता वर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रफूवालीने दुकानातून सुट्टी घेतली. गादी ओसरीवर वाळत होती आणि तिच्यावर वाटाण्याचा मोठा डाग पसरला होता. तिने नवऱ्याला सांगितलं, मी वर जाऊन सगळं खरं सांगून येते. काय वाढवायचं ते वाढवू देत, घर सोडा म्हणाल्या तर सोडू. मीटरवाल्याने अडवलं नाही. तो गादीशेजारी पाय पोटाशी घेऊन बसला होता आणि त्याच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं, खरा आजारी हाच.

ती जिना चढली. इतकी वर्षं त्या घरात राहून ती वर कधी गेली नव्हती. भाडं न्यायला काकूच खाली यायच्या. दार नुसतं लोटलेलं होतं. तिने हाक मारली, आतून ये असं उत्तर आलं, पण आवाज दचकल्यासारखा होता.

खोली आपल्यापेक्षा मोठी असेल, भरलेली असेल, असं तिला नेहमी वाटायचं. खोलीत एक खुर्ची होती. छतावरच्या दिव्याचा नुसता होल्डर लोंबत होता, दिवा काढून ठेवलेला. फ्रिजचं दार उघडं होतं आणि आत घड्या घातलेली लुगडी रचलेली होती. काकू खुर्चीत बसून कालचं, मास्तरांकडून वाचून झालेलं वर्तमानपत्र वाचत होत्या.

आणि भिंतीकडेला खाट होती. खाटेवर रजई, रजईखाली काहीतरी गोल आणि जड. भिंतीकडची बाजू घट्ट खोचलेली. उशीजवळून वाफेची बारीक रेघ निघत होती आणि खोलीभर डाळ शिजल्याचा वास होता.

रफूवाली उभी राहिली. काकूंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मनात जुळवून आणलेलं बोलणं रफूवालीने बाजूला ठेवलं.

"कोण आजारी आहे, काकू?" तिने विचारलं.

काकूंनी खाटेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"नणंद," त्या म्हणाल्या.

"ताप आहे?"

"आहे. उतरेल तासाभरात."

रफूवाली हळूच खाटेजवळ गेली. रजईवर तळवा ठेवला. छान ऊब होती. पण पायाकडची बाजू अगदीच सपाट होती, आणि तिच्यातली कारागीर गप्प बसेना. ती म्हणाली, काकू, यांना पाय नाहीत. मी शिवून देईन. काकूंच्या तोंडाचे कोपरे थरथरले. मग त्या आधी हसल्या आणि नंतर डोळ्यांना पदर लावला, आणि एकीचं थांबलं की दुसरीला हसू यायचं, असं बराच वेळ चाललं.

पहिल्याच दिवशी वासावरून कळलं होतं, काकूंनी सांगितलं. इतकी वर्षं डाळ शिजवली, डाळीचा ताप ओळखू येणार नाही का? त्या दिवशी बोलणारच होत्या. पण खोलीत उजेड होता, चहा होता, माणसं बोलत होती. वर आलं की अंधारात बसायचं आणि पाणी पिऊन झोपायचं. उद्या सांगू, उद्या सांगू करत त्या रोज उतरत राहिल्या.

"तुमच्या भाड्यावरच तर माझं सगळं चालतं," काकू म्हणाल्या. "ते होतं तिथेच राहिलं, बाकी सगळं वाढलं. वाढवायची लाज वाटत होती मला. आता तू आलीच आहेस वर, तर भाड्याचं एकदा बोलून—"

रफूवालीने काकूंकडे बघितलं, लोंबणाऱ्या रिकाम्या होल्डरकडे बघितलं, उघड्या फ्रिजकडे बघितलं. तिला या बाईची दया आली, स्वतःचीही आली, आणि त्या दोन्हींतून काय निघणार होतं? पैसे तर कुणाकडेच नव्हते. तिने खाटेकडे बोट केलं.

"नको काकू," ती म्हणाली. "आजारी माणसासमोर पैशाचं बोलू नये. तुम्हीच म्हणाला होतात."

काकू उठल्या, कोपऱ्यातला स्टोव्ह पेटवला आणि चहा टाकला.

रफूवाली खाली आली तेव्हा मीटरवाला तसाच बसलेला होता. लेकही कॉलेजातून येऊन उंबऱ्यात उभी होती. त्याने तोंड वर केलं. काय म्हणाल्या, घर सोडायचं का, असं त्याने विचारलं.

"भाड्याचं काही बोलणं झालं नाही," रफूवालीने सांगितलं. "त्यांच्याकडे आजारी माणूस आहे. नणंद. खूप ताप आहे."

मीटरवाला गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर, कितीतरी दिवसांनी, काहीतरी हललं.

"तुला चहा दिला?"

"दिला."

"दूध घातलं होतं?"

"थोडं. साखर मात्र बरी होती."

तो उठला. खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घालायला लागला, आणि बटणं लावता लावता लेकीला म्हणाला, बघत काय उभी राहिलीस, चप्पल घाल. वर घरात एवढं आजारी माणूस आहे, रोज दिवेलागणीला जाऊन बसायला नको?